कापडी पिशवी की मातीची कुंडी? आधी मे महिना आठवा

पाऊस सरत आला की आपल्या पेडणे-डिचोली भागात भाजीच्या लागवडीची लगबग सुरू होते. तांबडी भाजी, मुळा, वाल, वांगी, मिरची यांचे हे दिवस. ज्यांना शेत आहे ते शेतात लावतात, ज्यांना परसू आहे ते परसात. परंतु ज्यांच्या हाताशी आज ना शेत उरले आहे ना परसू, अशी कुटुंबेही आपल्यात आहेत. मोपाच्या पठारावर विमानतळ झाला आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने उडू लागली. त्याच्या आजूबाजूच्या गावांत जमिनीला आलेला भाव सर्वांना ठाऊक आहे. डिचोलीत खाणींनी शिरगावसारख्या गावांतील शेतांची व विहिरींची काय दशा केली, तेही आपण पाहिले. कुणी भावांमध्ये वाटणी होऊन बाल्कांवापुरता उरला आहे, कुणी भाड्याच्या घरात आहे. अशांनी भाजी लावायची ती कुंडीत, डब्यात किंवा पिशवीत.

अलीकडे बाजारात आणि जाहिरातींत कापडी पिशव्यांचा फार बोलबाला आहे. झाडे दुप्पट वाढतात, कुंडीची गरजच नाही, असे सांगितले जाते. दुसऱ्या बाजूने मातीची कुंडी म्हणजे जुनाट वस्तू असे अनेकांना वाटू लागले आहे. या बाबतीत आमचे मत आम्ही आज स्पष्टपणे मांडणार आहोत. ते असे की, कुंडी झाडाला पाहून निवडतातच, परंतु त्याहून अधिक ती पाणी घालणाऱ्या माणसाला पाहून निवडली पाहिजे. आज ऑक्टोबरात आपण जे भांडे घेऊ, त्याची खरी परीक्षा मे महिन्यात होते, आणि त्या वेळी ते भांडे भरणारे हात बहुधा घरातल्या बाईचे किंवा म्हाताऱ्या माणसाचे असतात.

कापडी पिशवी म्हणजे नेमके काय?

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. बाजारात ‘कापडी’ म्हणून तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली वस्तू जाड नमद्यासारखी असते. ती विणलेली नसते, धागे दाबून केलेली असते. हीच खरी हवा खेळवणारी पिशवी. अमेरिकेत १९८० च्या दशकात मोठ्या झाडांच्या रोपवाटिकांसाठी अशा पिशव्या वापरात आल्या आणि मग त्या जगभर पसरल्या. दुसरी वस्तू हिरव्या किंवा नारिंगी रंगाची, ताडपत्रीसारखी विणलेली. ही प्लास्टिकचीच आहे. तिला खाली भोके पाडून कडी बसविलेली असते. ती टिकाऊ असते, पण तिच्या बाजूंतून हवा जवळजवळ जात नाही. म्हणून तिला कापडी म्हणण्यापेक्षा दुमडता येणारी प्लास्टिकची कुंडी म्हणावे. तिसरी वस्तू आपल्या घरातली, म्हणजे गोणपाट. तागाच्या गोणीत आले, हळद लावण्याची रीत आपल्याला नवी नाही.

नमद्याच्या पिशवीचा गुण कोणता, हे समजून घेण्यासाठी काजूचे कलम आठवावे. कलम काळ्या पिशवीत वर्षभर तसेच राहून गेले आणि मग पिशवी फाडली, तर तळाशी मुळांची गुंडाळी झालेली दिसते. मुळाला भिंत लागली की ते तिच्या कडेकडेने फिरत राहते. असे झाड जमिनीत लावले तरी पुष्कळदा जोर धरत नाही. कापडी पिशवीत तसे होत नाही. मुळाचे टोक कापडापाशी येते, बाहेरच्या कोरड्या हवेला लागते आणि वाळते. मग मागच्या बाजूने बारीक मुळे फुटतात. अशी बारीक मुळे मातीत सगळीकडे पसरली की झाडाला अन्न चांगले मिळते. हा गुण खरा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही.

दुसरा गुण निचऱ्याचा. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा पावसात भोक बुजलेली कुंडी म्हणजे डबके होते आणि मिरचीची मुळे दोन दिवसांत कुजतात. कापडी पिशवीत पाणी साचून राहत नाही. पावसाळ्यात आले, हळद, कणगी यांना ती उत्तम. फक्त एवढे लक्षात ठेवावे की, पाण्याबरोबर खताचा अंशही वाहून जातो. म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी मूठभर कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत वरून घालावे.

मे महिन्याचा हिशेब

आता दुसरी बाजू. ज्या कापडातून हवा आत येते, त्याच कापडातून ओलावा बाहेर जातो.

हिशेब सोपा आहे. बारा इंच रुंद आणि बारा इंच उंच असे भांडे घ्या. त्याच्या तोंडाचे जेवढे क्षेत्रफळ, त्याच्या चौपट क्षेत्रफळ त्याच्या उभ्या बाजूचे असते. प्लास्टिकच्या कुंडीतून पाणी केवळ तोंडावाटे उडते. कापडी पिशवीतून ते तोंड आणि बाजू मिळून पाचपट पृष्ठभागावरून उडू शकते. पावसाळी दमट हवेत हा फरक जाणवत नाही. पण एप्रिल-मेमध्ये, मांद्रे-हरमलच्या बाजूला समुद्रावरून दुपारचा वारा सुटला, की सकाळी भिजवलेली पिशवी संध्याकाळी कोरडी होते. अशा पिशवीला दिवसातून दोनदा पाणी द्यावे लागते.

एका पिशवीला सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन लिटर धरले, तर वीस पिशव्यांना दिवसाला ऐंशी लिटर होतात. पंधरा लिटरच्या पाच-सहा बादल्या झाल्या. नळाला पाणी असेल तर नळी लावून हे काम दहा मिनिटांत होईल. पण मे महिन्यात आपल्याकडे नळाला पाणी किती वेळ असते, हे सांगायला नको. पेडण्याला पाणी येते ते चांदेलच्या प्रकल्पातून; तिळारीच्या कालव्याची दुरुस्ती निघाली किंवा कालवा फुटला, की इथले नळही कोरडे पडतात. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचे पाणी त्या दिवसांत मचूळ होते. ते घातले तर पाणी उडून जाते आणि क्षार मातीत राहतो. पिशवीच्या बाजूला पांढरा थर दिसू लागतो.

जाहिरातीत झाड दिसते, पाण्याची बादली दिसत नाही. जिथे पिण्याचे पाणी टँकरने येते आणि ते भरून ठेवायला घरातली सून पहाटे उठते, तिथे वीस पिशव्यांची हौस म्हणजे तिच्या कमरेवर आणखी पाच बादल्यांचे ओझे. हौस एकाची आणि श्रम दुसऱ्याचे, असे घरात होऊ नये असे आम्हाला वाटते. ज्याने पिशव्या आणल्या, त्याने मे महिन्यात पाणीही घालावे. ते शक्य नसेल तर पिशव्या कमी आणाव्या.

पिशवी ठेवावयाचीच असेल तर उन्हाळ्यात काही उपाय करता येतात. पिशव्या सुट्या न ठेवता एकमेकींना चिकटवून ठेवाव्या, म्हणजे मधल्या बाजूंना वारा लागत नाही. दुपारच्या उन्हाच्या वेळी त्या सावलीत येतील अशी जागा आधीच निवडावी. भरलेली पिशवी उचलली की ती वाकते आणि आतली मुळे तुटतात. मातीवर पातेऱ्याचा चार बोटे जाड थर द्यावा. तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी फेकू नये. ते झाडांना चालते, साबणाचे मात्र देऊ नये.

डिचोलीची माती

मातीच्या कुंडीच्या बाजूही श्वास घेतात, परंतु कापडापेक्षा पुष्कळ सावकाश. उन्हाळ्यात मडक्यातले पाणी ज्या कारणाने गार राहते, त्याच कारणाने मातीच्या कुंडीतील मुळेही गार राहतात. पाणी बाजूतून पाझरते, उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला दुपारी हात लावून पाहावा, म्हणजे फरक कळेल. कापड फार कोरडे होते, प्लास्टिक फार तापते आणि ओले राहते. मातीची कुंडी या दोहोंच्या मध्ये बसते. आपल्यासारख्या, चार महिने धो-धो पाऊस आणि चार महिने कडक ऊन असणाऱ्या प्रदेशाला हे मध्यम भांडेच अधिक सोसते, असे आमचे मत आहे.

शिवाय ही कुंडी आपल्याला लांबून आणावी लागत नाही. डिचोलीची तांबूस मातीची भांडी गोव्यात पूर्वीपासून प्रसिद्ध आहेत. स्वयंपाकघरात अॅल्युमिनियम व स्टील आले, पाण्याच्या मडक्याच्या जागी फ्रीज आला, आणि कुंभाराचे गिऱ्हाईक एकेक करून सुटत गेले. कुंडी हे त्याच्या हाती उरलेल्या थोड्या कामांपैकी एक आहे. तेही आपण प्लास्टिकला दिले, तर पुढच्या पिढीत चाक फिरवणारा हात मिळणार नाही. यिर्मया संदेष्ट्याला देवाने आपला संदेश ऐकण्यासाठी कुंभाराच्या घरी जावयास सांगितले होते, हे आपण पवित्र शास्त्रात वाचतो. आपल्याला तर ते घर अगदी जवळ आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात वापरा आणि फेका या वृत्तीविषयी जगाला सावध केले. फुटलेली मातीची कुंडी मातीत जाते. तिचे तुकडे दुसऱ्या कुंडीच्या भोकावर ठेवायला उपयोगी पडतात. उन्हाने झिजलेल्या नमद्याच्या पिशवीचे तंतू मात्र मातीत तसेच राहतात.

कुंडी घेताना ती वाजवून घ्यावी. खणखणीत आवाज आला तर ती नीट भाजलेली समजावी. बद्द आवाज आला तर तडा असतो किंवा भाजणी कच्ची असते. तळाला भोक आहे ना, ते पाहावे. नवी कुंडी एक रात्र पाण्यात बुडवून ठेवावी, नाहीतर पहिल्या दिवसाचे सगळे पाणी तीच पिऊन टाकते. भोकावर कौलाचा एक तुकडा पालथा ठेवला की पुरे. तळाशी खड्यांचा जाड थर दिल्याने निचरा वाढत नाही, मुळांची जागा तेवढी कमी होते. आणि एक महत्त्वाचे. सणाला शोभा यावी म्हणून कुंडीला तैलरंग फासण्याची पद्धत पडली आहे. त्यामुळे कुंडीची रंध्रे बुजतात आणि मातीची कुंडी प्लास्टिकसारखी होऊन बसते. रंग हवाच असेल तर गेरू लावावा.

कापडी पिशवी आणि कुंभाराचे मडके यांचा मेळही घालता येतो. मोठ्या पिशवीच्या मध्यभागी बिनरंगाचे लहान मडके गळ्यापर्यंत पुरावे आणि पाण्याने भरावे. मडके सावकाश पाझरत राहते आणि मुळे त्याच्याभोवती गोळा होतात. वरून पाणी ओतण्यापेक्षा यात पाणी पुष्कळ कमी लागते. मडक्याचे तोंड मात्र झाकणीने किंवा करवंटीने घट्ट झाकले पाहिजे. त्याचे कारण पुढे येईल.

इतर भांडी

प्लास्टिकच्या कुंडीला आम्ही सरसकट नावे ठेवणार नाही. घरात एकटी वृद्ध बाई असेल, तिला जड उचलवत नसेल, दिवसातून दोनदा पाणी घालणे जमत नसेल, तर सावलीत ठेवलेली, खाली चांगली भोके असलेली प्लास्टिकची कुंडी तिला कापडी पिशवीपेक्षा नक्कीच सोयीची. बारा इंची भांड्यात साधारण वीस लिटर माती मावते. ओली झाली की तिचे वजन पंचवीस किलोंच्या आसपास जाते. ते एकट्याने उचलण्याच्या भरीस पडू नये. पाठीचे दुखणे भाजीपेक्षा महाग पडते.

सिमेंटची कुंडी जड आणि टिकाऊ. ती नवी असताना तिच्यातून चुना सुटतो, म्हणून आठवडाभर पाणी भरून, रोज बदलून मगच माती घालावी. खोबरेल किंवा गोडेतेलाचा डबा एखाददुसऱ्या हंगामापुरता चालतो. तांदळाच्या किंवा सिमेंटच्या प्लास्टिक गोण्या उन्हात काही महिन्यांतच चुरतात आणि त्यांचे तुकडे मातीत मिसळतात, त्या टाळाव्या. कीटकनाशकाचा, रंगाचा किंवा कारखान्यातील रसायनाचा डबा कितीही धुतला तरी भाजीसाठी कधीही वापरू नये. खाणीवरची टाकाऊ मातीही कुंडीत भरू नये. तिच्यात कस नसतो. शेतातली माती, कुजलेले शेणखत आणि नारळाच्या सोडणाचा भुसा किंवा कुजलेला पातेरा हे समसमान घेतले की मिश्रण तयार झाले.

गोणपाटाची गोष्ट वेगळी. ते एका पावसात कुजते, हा त्याचा दोष मानतात. पण आल्याला आणि हळदीला एकच हंगाम लागतो. पीक काढले की गोणी खताच्या खड्ड्यात टाकावी. एका हंगामाच्या पिकाला एका हंगामाचे भांडे पुरते.

ताटलीतला डास

हे पान शेतीचे आहे तसे आरोग्याचेही आहे, म्हणून ही गोष्ट आम्ही ठासून सांगतो. कुंडीखाली ठेवलेल्या ताटलीत साचलेले पाणी हे डेंग्यूच्या डासाचे आवडते ठिकाण आहे. हा डास घाणीत नव्हे तर साध्या साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून उडणारा डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून सर्व ताटल्या ओताव्या. नुसत्या ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. ताटली काथ्याने घासून, उन्हात वाळवून मग ठेवावी. सर्वांत बरे म्हणजे ताटली काढून टाकावी आणि कुंडी दोन चिऱ्यांच्या तुकड्यांवर ठेवावी. करवंट्या, पोफळीच्या विऱ्या, जुने टायर आणि झाडांसाठी भरून ठेवलेली उघडी पिंपे यांनाही हाच नियम.

या बाबतीत कापडी पिशवीच्या पदरात एक गुण पडतो: तिच्यात पाणी साचत नाही. पण तिच्यासाठी पाण्याचे पिंप भरून उघडे ठेवले, तर तो गुण वाया गेला.

२ नोव्हेंबरला मृतांचा स्मरणदिन येईल. त्या दिवशी आपण कबरींवर फुले ठेवतो, फुलदाण्यांत पाणी घालतो आणि घरी येतो. ते पाणी तिथे आठवडेच्या आठवडे राहते. यंदा प्रत्येक कुटुंबाने फुलदाणीत पाण्याऐवजी ओली वाळू भरावी, किंवा डिचोलीच्या छोट्या मातीच्या कुंडीत लावलेला झेंडूच कबरीवर ठेवावा, अशी आमची विनंती आहे. प्रियजनांची आठवण ठेवताना शेजारच्या घरात आजार जाऊ नये.

मग घ्यावे काय?

रोजच्या भाजीसाठी आणि मिरचीसाठी मातीची कुंडी. हरमलच्या मिरचीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती आपल्या तालुक्याची मिरची आहे. बारा इंची कुंडीत एक रोप, अशा चार-पाच कुंड्या प्रत्येक घरी असाव्या असे आम्हाला वाटते. पावसाळ्यातील कंदांसाठी गोणपाट किंवा नमद्याची पिशवी. उन्हाळ्यात पिशव्या रिकाम्या करून, धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवाव्या. अशाने त्या अधिक वर्षे टिकतात. तांबड्या भाजीला उथळ पसरट भांडे चालते, पण वांग्याला, भेंडीला खोली हवी. पेरणाऱ्याच्या दाखल्यात खडकाळ जमिनीवरचे बी लवकर उगवते आणि माती खोल नसल्यामुळे उन्हाने करपते. उथळ कुंडीत नेमके हेच घडते. आणि आंबा, फणस, काजू, माड यांना कुंडीत कोंडू नये. त्यांची जागा जमिनीत आहे.

शेवटचा मुद्दा हाच. कुंडी ही ज्याला जमीन नाही त्याची सोय आहे; जमिनीला पर्याय नव्हे. पडीक शेताला कुंपण घालून, बाल्कांवात वीस पिशव्या मांडून आपण शेती करतो असे म्हणणाऱ्यांना आम्ही सांगू इच्छितो की, ते बरोबर नाही. शेत असेल तर ते कसावे. स्वतः कसणे जमत नसेल तर शेजारच्या भूमिहीन कुटुंबाला भाजीपुरता तुकडा लावायला द्यावा. आपल्या धर्मग्रामात दोन्ही प्रकारची घरे आहेत, आणि ती एकाच मिस्सेला येतात.

धर्मग्रामातील मंडळांना आणि शाळांनाही एक सूचना. बक्षिसे, भेटी, फेस्ताची सजावट यांसाठी कुंड्या लागतील तेव्हा त्या डिचोलीच्या कुंभाराकडून घ्याव्या आणि मागणी दोन महिने आधी द्यावी, कारण पावसात माती वाळत नाही आणि भट्टीही लावता येत नाही. घरी पिशव्या घेणाऱ्यांनी घ्याव्या, पण घेण्यापूर्वी घरात पाणी कोण भरते, त्या व्यक्तीला एकदा विचारावे. तिने वीस म्हटले तर वीस, पाच म्हटले तर पाच.